डॉक्टरीणच म्हणाली

भटवाडी, घाटकोपर
११ जानेवारी १९८४

लवू,

डावा मोडला की उजवा? पाइप फिरवला तेव्हा जो आवाज आला तो कोपराच्या खालचा होता, एवढं कानाला कळलं. बाजू नाही कळली. तेवढं कळव. उजवा असेल तर दुसऱ्याकडून लिहून घे, पण कळव.

वर ‘श्री’ घातलेला नाही आणि नमस्कारही नाही. एका वाडीतले आपण, लालबागच्या एका खोलीत पायाला पाय लावून झोपलो. तू गिरणीत टिकलास, मी कापड विणायच्या साच्याचा खडखडाट सोसेना म्हणून पळालो आणि माइकच्या धंद्यात शिरलो. माझी बहीण रत्ना तुला मीच दिली. आता नमस्कार कुणाला करू?

तू पोरीला, अनुपमाला, घेऊन त्याच दिवशी गाव गाठलास, म्हणजे पुढचं तुला ठाऊक नाही. ऐक.

कुंदावहिनीने, तुमच्या शेजारणीने, सुलक्षणाला येऊन सांगितलं की लवूने रत्नाला देवनारला त्याच्या काकांकडे नेलंय, आणि ती धड चालत नव्हती. मी मानखुर्दला मांडवावर होतो. बायकोचा निरोप आला तसा टेम्पो वळवला. मांडवाचे पाइप टेम्पोतच होते, त्याला मी काय करू? तू पुढे गावभर सांगशील, काशीराम पाइप घेऊन मारायला आला. मी नेसत्या कपड्यानिशी आलो. पाइप आपले होते तिथे.

कत्तलखान्याच्या मागच्या गल्लीत शिरलो तर बकऱ्या ओरडत होत्या. शेकड्याने. त्यातून मला माझ्या बहिणीचा आवाज वेगळा काढता आला, लवू. जन्मभर भोंग्यांचे आवाज निवडतोय, हे आवाज निवडायचं कधी शिकलो नव्हतो.

आत काय होतं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतास. मिरच्यांचा धूर, तिचे केस खांबाला, आणि भीमराजकाका ओली काठी घेऊन विचारतायत, “कोण तू? बोल! खंयसून इलंस?” ती कशी बोलणार? दात जिभेत रुतले होते. डोळे पांढरे. हातपाय आपटत होते ते तिच्या हातात नव्हतं. आणि तुम्ही सगळे हात जोडून! उत्तर आलं नाही की काठी, पुन्हा उत्तर नाही की पुन्हा काठी. फेफऱ्याला नाव विचारत होतात रे तुम्ही!

काकांची काठी मी काढून घेतली. तू मध्ये आलास. बाकीचं तुझ्या हाताला विचार.

टेम्पोत तिला परत झटका आला. भोंग्यावर डोकं आपटलं की भोंगा घंटेसारखा वाजे. मी तिच्या दातांत बोट घातलं, जीभ वाचावी म्हणून. बोटाचं नख आता नाही. आणि हॉस्पिटलात डॉक्टरणीने उलट मलाच झापलं, “फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं.” पुढच्या वेळी लक्षात ठेवीन म्हटलं. ती म्हणाली, पुढची वेळ येऊ देऊ नका.

ही तीच डॉक्टरीण, क्षमा जोगळेकर, जिच्या ओपीडीत तू दिवाळीनंतर रत्नाला घेऊन बसला होतास. तिने पहिल्या दमात ओळखलं. “ही त्या पिवळ्या गोळ्यांवर होती ना? गोळ्या कुठायत?” कुंदावहिनी तिथे आली होती. ती म्हणाली, लवूने गटारात टाकल्या, काकांनी सांगितलं म्हणून. डॉक्टरणीचा चेहरा तू बघायला हवा होतास. “एकदम? सगळ्या? अहो, मी तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं!”

समोर बसवून, लवू.

रत्ना बरी आहे. जेवते, ओळखते. तू इकडे येऊ नकोस आणि काकांना पाठवू नकोस. वॉर्डच्या दारावरच्या वॉचमनला मी गणपतीत फुकट माइक दिलाय, तो माझा माणूस आहे.

अनुला थंडी बाधते. कान बांधून ठेव तिचे.

काशीराम


घाटकोपर
२६ जानेवारी

लवू,

गावच्या मास्तरांच्या अक्षरात पत्र आलं, म्हणजे उजवाच.

आज सकाळपासून चार ठिकाणी झेंडावंदनाचे माइक लावून आलोय, घसा बसलाय, पण तुझं पत्र खिशात कुरतडतंय म्हणून टेम्पोतच लिहायला बसलो. तू लिहितोस, नव्हे, मास्तर लिहितात: “डाक्टरणीनच सांगल्यान, हिच्या शरीराक अवसर हा. आमी काय मनाचा नाय केला.” वर तुझी अट. शिमग्याला रत्नाला देवासमोर उभी करायची, तोवर पोर आईला दिसणार नाही.

मी हे पत्र हातात घेऊन डॉक्टरणीकडे गेलो. तिला विचारलं, “बाई, माझ्या बहिणीच्या अंगात देव आलाय, भूत आलंय, असं काही तुम्ही तिच्या नवऱ्याला म्हणालात?” ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा मीच पेशंट. म्हणाली, “तावडे, मी एमडी आहे. असलं मी कशाला म्हणेन?”

मग तू खोटारडा आहेस. अवसर म्हणजे काय ते आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. ढोल घुमायला लागले की देव अंगात शिरतो, माणूस थरथरतो, त्याला आपण अवसर म्हणतो. पुण्यात शिकलेली बाई ते म्हणेल? काकांनी तुझ्या कानात फुंकलं आणि तू ते डॉक्टरणीच्या पदरात टाकलंस. दुसरा हात शाबूत आहे ना? घाटकोपरला ये, जोडी लावून देतो.

आता खरं सांगतो. “रत्ना बरी आहे” लिहिलं ते तुझ्या जिवाला घोर नको म्हणून नव्हे, तू हसू नयेस म्हणून. बरी नाही ती. जिभेला टाके आहेत. गेल्या आठवड्यात आयाच्या हातून स्टीलचं ताट पडलं. आपल्याला तो ताटाचा आवाज. तिला वाटलं कुणी डोक्यात खिळा ठोकला. ती उठली आणि त्याच ताटाने आयाच्या तोंडावर हाणलं. मी धरायला गेलो तर माझ्या छातीत गुडघा. चार जणांनी धरून बँडेजच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधली. बांधताना ती काकांचंच नाव घेऊन ओरडत होती, “काकानू, बोलतंय, बोलतंय, मारू नको!”

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मी, ज्याला बाजारात सगळे हसरा तावडे म्हणतात.

डॉक्टरीण जिन्यात आली. ही बाई भली आहे रे, चिडकी पण भली. तिने मला नीट समजावलं. संपाच्या साली तुझा पगार गेला आणि रत्नाची छाती धडधडायला लागली, झोप उडाली. नाक्यावरच्या डॉक्टरने ती गोळी लिहून दिली. दोन-तीन आठवडे द्यायची गोळी, ही बिचारी दोन वर्षं होत आली तरी घेत राहिली. जुनी चिठ्ठी दाखवायची, दुकानदार द्यायचा. कुणी थांब म्हटलं नाही. अंगाला सवय झाली, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार. “तिने काही वाईट केलं नाही,” डॉक्टरीण म्हणाली, “लिहून दिलं ते घेतलं. पण अशी गोळी एकदम तोडली की मेंदू बिथरतो. झटके येतात. माणूस मरतोसुद्धा.”

मी म्हटलं, म्हणजे अँप्लिफायर फुल असताना वायर उपटली की स्पीकर धाडकन फाटतो, तसं? आवाज आधी हळूहळू उतरवायचा असतो. ती म्हणाली, “अगदी तसं नाही, पण चालेल.”

आता पुन्हा गोळ्या चालू केल्यात, आणि त्या हळूहळू उतरवायच्या. किती महिने? “तिचं अंग सांगेल तितके.” मध्ये कुणी पुन्हा तोडल्या तर मात्र पुढचा झटका शेवटचा ठरू शकतो. हे तिने मला दोनदा सांगितलं. मी तुला एकदाच सांगतोय: शिमग्याला तिला नेलंस तर देवासमोर मढं उभं करशील.

पोर आईला दाखव. ती तिच्यासाठी गिळते ते चार घास.

काशीराम


घाटकोपर
११ फेब्रुवारी

लवू,

आज नमस्कार लिहितो. का, ते शेवटी कळेल. आधी भांडण ऐक.

तू काकांना पाठवलंस. सही केलेला कागद देऊन, ‘माझ्या बायकोस माझे चुलते यांचे ताब्यात द्यावे’. डाव्या हाताची सही, वाकडीतिकडी, तरी सहीच ती. नवऱ्याचा कागद म्हटल्यावर माझा वॉचमन नरम पडला. गणपतीतला माइक विसरला.

मी चहा आणायला खाली गेलो होतो. जिन्यातच मला काकांचा खाकरा ऐकू आला. तो खाकरा मी हजारात ओळखेन. किटली तिथेच टाकून धावलो.

काका आणि दोन धटिंगण. एकाने रत्नाचे पाय धरलेत, एक पट्ट्या सोडतोय, काका तिच्या दंडाला धरून खेचतायत. “चल गो, चल, देव वाट बघता!” बाजूच्या पलंगांवरच्या बाया किंचाळतायत. आणि रत्ना गप्प. तिचं ते गप्प राहणं मला त्या बकऱ्यांच्या ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

पायवाल्याला मी मागून कॉलर धरून ओढला, तो सलाइनच्या स्टँडवर पडला, बाटली फुटली. दुसऱ्याने माझ्या तोंडावर हाणली, पुढचा दात हलला, अजून हलतोय, हे लिहिताना जिभेने ढकलून बघतोय. मी त्याचं डोकं पलंगाच्या कडीवर आपटलं. काकांनी तेवढ्यात रत्नाला अर्धी उचलली होती. त्यांचा कान तिच्या तोंडाजवळ आला.

चावली ती. टाके असलेल्या जिभेने, तसल्या तोंडाने चावली आणि सोडेना. काका असे ओरडले की खालच्या मजल्यावरून लोक आले. पाळीचा तुकडा गेला, लवू. चादरीवर रक्त कुणाचं किती, कळेना. काकांनी हात उगारला, मी त्यांची मनगटं धरली, ते माझ्या पोटात लाथा घालतायत, कानातून धार लागलीय, आणि पदर खोचून जोगळेकरबाई मध्ये घुसली. एवढीशी बाई. तिने काकांच्या छातीला हात लावून ढकललं आणि ओरडली:

“अहो, माणसं आहात की कोण? तिला जरा अवसर द्या! तिच्या शरीराला अवसर हवाय!”

काका थांबले.

हात खाली आले, एकमेकांना जुळले. भर वॉर्डात, कान गळतोय, आणि काका डॉक्टरणीला हात जोडून उभे. डोळे असे चमकले! “आयकलंस? आयकलंस मरे काशीराम? डाक्टरीणच म्हणता! अवसर हा म्हणता! लवू खोटा बोलूक नाय!”

ज्या कानांच्या जोरावर मी धंदा उभा केला, त्यांना तेव्हा कुठे तो शब्द सापडला. मी डॉक्टरणीला विचारलं होतं ‘देव म्हणालात का, भूत म्हणालात का’. तो शब्द जसाच्या तसा विचारलाच नव्हता.

“बाई,” मी धापा टाकत म्हटलं, “अवसर म्हणजे काय?”

“आता हे काय मध्येच?”

“सांगा हो. तुमच्यात अवसर म्हणजे काय?”

“वेळ. सवड. दम खायला वेळ द्या तिला, एवढंच. का?”

“हेच तुम्ही लवूला म्हणालात? ओपीडीत?”

“म्हणाले असेन. गोळी तोडू नका, शरीराला अवसर द्या. सगळ्यांनाच सांगते मी तसं.”

काका आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होते. “म्हणजे... अवसर नाय?”

“काकानू,” मी म्हटलं, “हो पुण्याचो अवसर. हेका ढोल लागत नाय.”

एक म्हातारी पेशंट हसली. मग काका मटकन खाली बसले, तिथेच, फुटलेल्या काचांत. थोड्या वेळाने त्याच बाईने त्यांच्या कानाला टाके घातले. काका पूर्ण वेळ पुटपुटत होते, तरी देवाक एकदा इचारूक होया, इचारल्याशिवाय कसा कळात. माणूस पटलेला नाही, फक्त गोंधळलाय. माझा विश्वास नाही त्यांच्यावर.

पण तुझ्यावर आहे. म्हणून नमस्कार. तू खोटारडा नव्हेस. तुझ्या कानाने तो शब्द बरोबर ऐकला होता. डॉक्टरणीने चुकीचं सांगितलं नव्हतं. तिचा तो एक शब्द ऐकून तू काकांकडे गेलास, त्यांचं ऐकून गोळ्या टाकल्यास, आणि बायको मरता मरता राहिली. याला कुणाच्या टाळक्यात पाइप घालायचा, तूच सांग. मी तर तुझ्या हातात घातला.

डॉक्टरणीला मी सगळं समजावलं. ती म्हणाली, “तावडे, तुमच्याकडच्या माणसांना मी काय म्हणू मग?” मी सांगितलं, वेळ म्हणा बाई. साधा वेळ. घड्याळ आमच्याकडेही आहे.

रत्नाला सांगितलं तेव्हा ती हसली. हसताना जिभेचा टाका उसवला, ओठांवर रक्त आलं, तरी हसतच होती, आणि हसता हसता रडायला लागली. मग बोबड्या आवाजात म्हणाली, “दादा, लवूक सांग. म्हणा, माका जरा अवसर दी. आणि चेडवाक, अनुक, घेवन ये.”

कोणता अवसर ते मी विचारलं नाही.

काशीराम


घाटकोपर
१० मार्च

लवू,

तुझं कार्ड आलं. तुझ्याच अक्षरात. “येतंय. अनुक घेवन येतंय. शिमगो तिकडेच. हात खांद्यावर जाणा नाय.” हाताचं वाचलं. पुढे जातो.

रत्ना आता माझ्या घरी आहे. सुलक्षणा ब्लेडने गोळी कापते. दिवसाच्या चाराच्या साडेतीन झाल्या, आता सव्वातीन. कापून झालं की ब्लेड स्वतःच्या अंबाड्यात खोवते, कारण ते कुठे ठेवलंय हे रत्नाला दिसता कामा नये. परवा वाईट दिवस गेला. “पुरी गोळी दी, नायतर मरतंय” म्हणत भिंतीवर कपाळ आपटत होती. मी मध्ये हात घातला, हाताची सालं निघाली. सुलक्षणाच्या दंडावर तिच्या नखांचे वळ आहेत. झटका मात्र आला नाही. देवनारनंतर जे आले तेवढेच. डॉक्टरीण म्हणते, चांगलं चाललंय. याला चांगलं म्हणतात तर वाईट काय असतं, ते आपण दोघांनीच पाहिलंय.

पण मधले दिवस येतात. काल तांदूळ निवडले तिने. अनुसाठी परकर शिवायला घेतलाय, टाके वाकडे पडतात, उसवते, परत घालते.

आता नीट वाच. एसटी सायनला पोचली की टॅक्सी कर, घासाघीस करत बसू नकोस. भटवाडीच्या चढाला टॅक्सी सोड आणि पायी ये. गाडीच्या हॉर्नने ती दिवसभर थरथरते. अनुला सांगून ठेव की आई पाहिल्यावर ओरडायचं नाही, धावायचं नाही, आईच तुझ्याकडे येईल. पोराला हे कठीण आहे. तुला जमेल सांगायला, तुझा आवाज आधीपासून मऊ आहे.

काका बरोबर असतील तर त्यांना खालीच ठेव. दाराआड मांडवाचा पाइप उभा आहे. तो तुझ्यासाठी नाही, पण आहे.

माझ्या घरात आता शांतता असते. भोंगे गोडाऊनला हलवले, टेस्टिंग तिकडेच. गल्लीतली माणसं हसतात, माइकवाला तावडे घरात कुजबुजतो म्हणून. हसू देत. देवळाच्या पोरांना सांगितलंय, यंदा होळीचे ढोल चढाच्या पलीकडे. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, अवसर द्या.

आणि एक. दार ठोठावू नकोस. डाव्या हाताने नको आणि उजव्याने तर नकोच. कडीही वाजवू नकोस. पोराला कडेवर घेऊन नुसता उंबऱ्याबाहेर उभा राहा.

मला ऐकू येईल.

काशीराम